रंधा भंगारात का?

ओरछा गेटजवळच्या एका भंगारवाल्याकडे गेल्या महिन्यात मला लोखंडी जॅक रंधा मिळाला. शेफिल्डचा रेकॉर्ड, पाच नंबर. किलोच्या भावाने! बंधूंनो, झाशीचा रेल्वे कारखाना १८९५चा. पेरांबूरला पोलादी डबे १९५५ साली बनू लागले. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षे डब्यांच्या लाकडावर, आर. एम. एस.च्या टपालखणांवर सुतारांनी असेच रंधे चालवले.

गंज डिझेल आणि तारेच्या ब्रशाने निघाला. काचेवर पॉलिश पेपर अंथरून तळ घासला. दोन्ही टोके आणि तोंडाची कड एका पातळीत आली की पुरे. सगळा तळ आरशासारखा करण्याची हौस नको. पात्याची पाठ आधी सपाट केली, मग २५ अंशांचा उतार, आणि ऑइल स्टोनवर धारेशी ३०. वरची टोपी धारेपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे ठेवली, तेव्हा उलट्या रेषेचे सागवानही फाटेना.

हे सारे एका निवृत्त मिस्त्रींनी शिकवले. त्यांच्या हाताखाली आता शिकाऊ पोरगा नाही. अप्रेंटिस कायदा १९६१पासून आहे, पण कायद्याने हात बसत नाही, त्याला हत्यार लागते. हत्यार रद्द ठरवताना सुताराला कोणी विचारतो का? गंजलेले म्हणजे मेलेले नव्हे. रद्द यादीतली हत्यारे आधी प्रशिक्षण शाळेला द्यावीत. पुढच्या बैठकीत ही मागणी मी मांडणार आहे, रंधा टेबलावर ठेवूनच.