पहिले राष्ट्राध्यक्ष नजीबच

गेल्या अंकातील एका पत्रात नासर यांना इजिप्तचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हटले आहे. तो मान जनरल मोहम्मद नजीब यांचा. खार्टूमला जन्मलेले, १९४८च्या अरब-इस्रायल युद्धात जखमी झालेले नजीब १८ जून १९५३ रोजी प्रजासत्ताकाचे प्रमुख झाले. सत्ता हाती घेतलेल्या लष्कराने बराकीत परतावे, हा त्यांचा आग्रह सहकारी अधिकाऱ्यांना रुचला नाही. फेब्रुवारी १९५४मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांना परत आणावे लागले! नोव्हेंबरात मात्र कायमचे हटवले. पुढे कैरोजवळच्या मर्ग येथील बंगल्यात नजरकैद, सोबतीला कुत्री-मांजरे. सुटका थेट राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या काळात, १९७१मध्ये. पाठ्यपुस्तकांतूनही नाव गाळलेले. नासर यांचे सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाचे कर्तृत्व मोठेच, पण म्हणून नजीब यांना पुन्हा पुसू नये. कृपया दुरुस्ती छापावी.
– एक वाचक, सातारा