पुसट रेघ आणि औषधांचे दुकान

पाळी चार दिवस लांबली, दुकानातून पट्टी आणली. ‘सी’पाशी ठसठशीत रेघ उमटली आणि ‘टी’पाशी मात्र खिडकीच्या उजेडात धरल्यावर दिसेल न दिसेल अशी. आता दिवस गेले म्हणावे की नाही? हा प्रश्न घेऊन अनेक भगिनी दवाखान्यात येतात. कालची पट्टी रुमालात जपून आणतात. तिचा आज काही उपयोग नसतो, पण आणतात!

पट्टी सहसा खोटे बोलत नाही; आपण तिला अवेळी विचारतो. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की एचसीजी नावाचे संप्रेरक रक्तात आणि मग लघवीत उतरू लागते. सुरुवातीला ते अगदी थोडे असते; पुढे दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होते. त्यातून दुपारी तांब्याभर पाणी पिऊन तपासणी केली, तर रेघ फिकटच येणार. म्हणून सकाळची पहिली लघवी घ्यावी, पाकिटावर दिलेल्या वेळेतच निकाल पाहावा आणि पट्टी टाकून द्यावी. तासाभराने वाळलेल्या पट्टीवर दिसणाऱ्या करड्या सावलीला अर्थ नसतो. वेळेत उमटलेली रंगीत रेघ मात्र, कितीही फिकट असली तरी, बहुधा गर्भधारणेचीच असते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावे. तरीही उलगडा झाला नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील बीटा एचसीजी 48 तासांच्या अंतराने दोनदा तपासावे.

कधी रेघ पुसटच राहते आणि पाळी येते. गर्भ रुजून लगेच सुटला, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. सुनेने जड उचलले, जिना चढली, असले दोष तिच्या माथी मारू नयेत. (सासूबाईंनीही पेढ्यांची घाई जरा आवरावी.)

माझी खरी तक्रार निराळीच आहे. पुसट रेघ पाहून नवरा औषधांच्या दुकानात जातो, “पाळी यायची गोळी द्या” म्हणतो, आणि गोळी मिळतेही. कधी ती हार्मोनची असते. दिवस गेले असतील तर तिने पाळी येत नाही, उगाच दिवस वाया जातात. कधी सरळ गर्भपाताच्या गोळ्या हाती पडतात. त्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे, ती उगाच नव्हे.

गर्भ नळीत रुजला असला तरी पट्टीवर रेघ उमटतेच. या गोळ्या तो गर्भ काढू शकत नाहीत, पण रक्तस्राव मात्र होतो. घरच्यांना वाटते, सुटली एकदाची. इकडे नळीतला गर्भ वाढत राहतो, नळी फुटते आणि पोटात रक्त साचून काही तासांत प्राणावर बेतते. ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडे थोडे रक्त जाणे, खांद्यात कळ, घेरी यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या पट्टीची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

मूल नको असेल तर लपवाछपवीचे कारण नाही. 1971 च्या कायद्याने मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करता येतो, आणि नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्याचे कारण अविवाहितेलाही लागू झाले.

मूल हवे असेल तर सोनोग्राफीची घाई नको. शेवटच्या पाळीपासून पाच-सहा आठवडे होण्याआधी बहुधा काही दिसत नाही आणि घर घाबरून जाते. अर्थात वर सांगितलेली लक्षणे असतील तर थांबायचे नाही. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र रेघ पुसट असतानाच सुरू करावी; बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू पहिल्या काही आठवड्यांतच घडतात.

पट्टीला पैसे नसतील तर गावातल्या आशाताईंना विचारावे. सरकारी ‘निश्चय’ किट त्यांच्याकडे मोफत असते.