सकाळी निघून रात्री परत

वर्षातून एकदा तरी घरातल्या सर्वांनी मिळून रविवारी शहराबाहेर पडावे, डोंगरावरच्या देवाचे दर्शन घ्यावे, झाडाखाली डबे सोडावेत आणि दिवेलागणीनंतर घरी परतावे, ही पुण्यातील बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांची जुनी रीत आहे. तीत मुक्कामाचा खर्च नाही, रजेचा अर्ज नाही. हिला यात्रा म्हणावे की सहल, हा प्रश्न घरात कोणी उपस्थित करीत नाही, आणि ते बरेच आहे. आजीला देव भेटतो, मुलांना डोंगर भेटतो, आणि सोमवारी कचेरीत सांगण्याजोगे काही पदरी पडते.

अशा सहलीसाठी पुरंदरची वाट फार सोयीची. वडकी मागे पडली की दिवे घाट सुरू होतो. वळणावरून खाली मस्तानी तलाव दिसतो आणि वर पोहोचताच हवाच बदलते. सासवडला सोपानदेवांची समाधी आहे, कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. हंगाम असेल तर रस्त्याकडेला सीताफळांच्या नाही तर अंजिरांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. येथल्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विकणाऱ्या बाईंच्या भावात त्याचा काही फरक पडला आहे काय, हे विचारण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही.

पुढे जेजुरी. पायऱ्या, दीपमाळा, भंडाऱ्याने पिवळी झालेली दगडी फरसबंदी आणि नव्या नवरीला उचलून पाच पायऱ्या चढणारे, धापा टाकणारे नवरदेव, हे सर्व ज्याने पाहिले नाही असा पुणेकर विरळा. त्याचे वर्णन येथे नको.

मात्र भुलेश्वरी थांबावे. जेजुरीहून माळशिरसच्या बाजूने जाता येते आणि परतताना यवतला उतरून सोलापूर रस्ता धरता येतो. येथे सतराव्या शतकात आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने दौलतमंगळ हा किल्ला बांधला. देऊळ मात्र त्याहून पुष्कळ जुने, यादवकाळातले. बाहेरून पाहणाऱ्यास आत काय आहे याची कल्पनाही येत नाही. उंच भिंती आणि नंतरच्या काळातले चुनेगच्ची घुमट एवढेच दिसते. काळोख्या जिन्याने वर गेले की अकस्मात काळ्या दगडातले कोरीव काम सामोरे येते. रामायण-महाभारतातले प्रसंग, सुरसुंदरी, आणि स्त्रीरूपातला गणपती. बहुतेक मूर्तींचे चेहरे भंगलेले आहेत. आमच्या चिरंजीवांनी विचारले, हे कोणी फोडले? उत्तर देणारा फलक आमच्या दृष्टीस पडला नाही. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी जे उत्तर दिले ते ठाम होते, आणि आमच्या समजुतीप्रमाणे निम्मे चूक होते. चार ओळींचा शुद्ध मराठी फलक जे काम करील, ते पाठ्यपुस्तकातल्या चाळीस पानांनी होत नाही, असे एक शिक्षक म्हणून आम्हांस वाटते.

पण हा लेख फलकासाठी लिहिलेला नाही. दुपारी जेवताना आमच्या लक्षात आले की पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींनी सकाळच्या चहानंतर पाण्याचा थेंब घेतलेला नाही. ऊन कडक होते, पायऱ्या चढून झाल्या होत्या. आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या, "नको, घरी गेल्यावर पिईन." सौभाग्यवतींनी डोळ्यांनी खूण केली; त्याही सकाळपासून प्यायल्या नव्हत्या. वाटेत एका ठिकाणी 'महिला' असे लिहिलेली खोली होती. तिला कुलूप होते आणि किल्ली कोणापाशी हे कोणास ठाऊक नव्हते. दुसऱ्या एका ठिकाणी कुलूप नव्हते. पण आत पाणीही नव्हते, कडीही नव्हती. पुरुषांचा प्रश्न आपल्याकडे कोणतीही आडोशाची भिंत सोडवते. म्हणूनच तो प्रश्न आहे हेच इतकी वर्षे आम्हांस उमगले नव्हते, याची लाज वाटते.

हे अशक्यप्राय काम आहे असे कोणी म्हणू नये. ज्ञानोबांची पालखी याच दिवे घाटाने चढते, सासवडास मुक्काम करते, जेजुरीस जाते. बरोबर लाखो माणसे असतात. त्यांच्यासाठी गेल्या दशकभरात मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी राहू लागली, आणि ती वापरलीही जातात. जे आषाढीच्या वारीत जमते ते साध्या रविवारी का जमू नये? वारीची तारीख ठरलेली असते, वरिष्ठ अधिकारी पाहणीस येतात आणि वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येतात. रविवारची आजी कोणाच्याच दौऱ्यात बसत नाही, हेच त्याचे कारण असावे.

दुसरा बचाव कायद्याचा. प्राचीन वास्तूजवळ काही बांधता येत नाही, असे हात वर करून सांगितले जाते. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरांत नव्या बांधकामास मनाई केली, हे खरे. परंतु त्याच दुरुस्तीने 'बांधकाम' या शब्दाच्या व्याख्येतून सार्वजनिक शौचालये, मुताऱ्या आणि लोकांच्या पाणीपुरवठ्याची कामे स्पष्टपणे वगळली आहेत. कायदा करणाऱ्यांना जे सुचले ते अंमलबजावणी करणाऱ्यांनी वाचलेले नाही, इतकाच याचा अर्थ होतो. शिवाय देवळाला खेटूनच खोली उभारा असे कोण म्हणते? गाड्या जेथे उभ्या राहतात तेथे ती असावी. आणि खोलीपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, तेथे दिवसभर पगारावर बसणारे एक माणूस असावे. इमारतीचे उद्घाटन होते, माणसाच्या पगाराचे होत नाही. अडचण आहे ती येथे.

ग्रामपंचायत, देवस्थान, पुरातत्त्व खाते आणि रस्त्याचे खाते यांनी हे काम एकमेकांकडे बोट दाखवून टाळण्यासारखे आहे खरे. पण वाहनतळाची पावती फाडण्यासाठी डोंगरपायथ्याशी कोणी ना कोणी उभा असतोच. त्या पावतीतले काही रुपये या कामासाठी बाजूला काढून ठेवावेत आणि त्याचा हिशेब तेथेच भिंतीवर लिहावा, ही मागणी आमच्यासारख्या प्रत्येक कुटुंबाने पावती घेतानाच करावयास हरकत नाही. आम्ही मात्र त्या दिवशी ती केली नाही. पावती खिशात घातली आणि गाडी वळवली.

हडपसरला नेहमीची कोंडी होती. घरी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजले. मुले झोपली होती, भंडारा सीटवर सांडला होता. मातोश्रींनी चपला काढल्या, त्या न्हाणीघरात जाऊन आल्या, आणि मग माठापाशी उभ्या राहून दोन तांबे पाणी प्यायल्या.