जागल्याला खुराक

जगात सल्ला ही एकच वस्तू अशी आहे, की गिऱ्हाईक नसलं तरी तिचा पुरवठा थांबत नाही. आमच्या केळापुरात तर ती घरपोच मिळते.

मला मोठ्या आतड्याचं जुनं दुखणं आहे. डॉक्टर त्याला 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' म्हणतात. बायको चारचौघांत 'यांचं ते' म्हणते. आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, आणि परगावी गेलेला माणूस देवळाआधी संडास शोधतो.

आता आमच्या तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. माझ्या आजाराचंही तसंच. नाव आतड्याचं, कारभार मात्र प्रतिकारशक्तीच्या कचेरीतून चालतो. रानडुकरं हाकायला शेतात बसवलेल्या जागल्यानं अंधारात मालकालाच काठी घालावी, तशी माझी प्रतिकारशक्ती माझ्याच आतड्याला झोडपते. ती अशक्त नाही हो, चांगली दणकट आहे. फक्त तिला माणूस ओळखू येत नाही! म्हणून मी रोज अझाथायोप्रिनची गोळी घेतो. ती जागल्याच्या हातची काठी जरा आखूड करते.

हे सगळं मी शेजारच्या भाऊंना तीनदा समजावून सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि चौथ्या दिवशी गुळवेलीचा काढा घेऊन हजर झाले.

"गुर्जी, त्या गोया कायले खाता? त्यानं अंगातली ताकद जाते म्हन्तात. हे घ्या, प्रतिकारशक्ती वाढते!"

म्हणजे जागल्याला तूपरोटी!

२०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी, गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. त्यांचा वाद त्यांनी मिटवावा. पण माझ्या गोळीनंही यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून माझं रक्त वरचेवर तपासतात. अशा माणसावर हा प्रयोग कशाला?

तरी एकदा मी भुललो. काढा सुरू, गोळ्या बंद. पहिला महिना झकास गेला. भाऊ गावभर मिरवले. खरी गोष्ट अशी, की ही गोळी लागू पडायला दोन-तीन महिने घेते आणि सोडली तरी तिचा गुण लगेच जात नाही. पुण्याई गोळीची, कीर्तन काढ्याचं! पुण्याई संपली त्या रात्री मी ११ वेळा उठलो. पहाटे रक्त पाहून बायको रडायला लागली. पुढचे दिवस इस्पितळात, स्टेरॉइडच्या सुया टोचून घेत गेले. भाऊ भेटायला आले. शिंकत शिंकत.

गोळी म्हणजे गंगाजल नव्हे, हे मलाही कळतं. पांढऱ्या पेशी घटू शकतात, ताप अंगावर काढता येत नाही, जिवंत जंतूंच्या लशी डॉक्टर टाळायला सांगतात. नवरात्रात जगदंबेचं दर्शन मी गर्दी ओसरल्यावर घेतो. पण हा सौदा मी डोळे उघडे ठेवून केला आहे. १९५७ साली हे औषध घडवणाऱ्या जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. भाऊंना अजून मिळायचं आहे.

तेव्हा मंडळी, सांगणं एवढंच. 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्र सगळ्यांच्या अंगाला लागू नाही. सर्दी झाली असेल तर घरीच बसा. नसेल तर जरूर या, चहा घ्या, कापसाच्या भावावर भांडा. पण चालू औषध बंद करायला सांगण्याचा अधिकार ज्याच्या हाती माझ्या रक्ताचा रिपोर्ट आहे, त्या डॉक्टरचा. ओसरीवर बसून तो कुणी वापरू नये. तुमची चूक तुम्हाला एका 'अरेरे'त पडते, मला रक्तात पडते.

भाऊंचा काढा अजून येतो. नाही म्हणवत नाही, म्हणून तो मी अंगणातल्या जास्वंदीला घालतो. तिची प्रतिकारशक्ती उत्तम असावी. फुलं मात्र यायची थांबली आहेत.