जंगलात टेंट लावायचाय? आधी कोपी बांधणाऱ्याला विचारा

मागच्या आठवड्यात पुण्यातल्या एका मित्राचा फोन आला. "तुमच्या बीडकडं कुठं झाडीत टेंट लावता येतील का रे? इकडं धरणाकाठी नुसती जत्रा झालीय. आम्ही दोन कुटुंबं आहोत, चार लेकरं. शांत जागा, चुलीवरचं जेवण, रात्री चांदण्या दिसल्या की बास." मी म्हणलं, दोन दिवसांत सांगतो. त्याला आठ दिवस झाले. उत्तर द्यायला बसलो की नुसतं ठिकाणाचं नाव देऊन भागेना. म्हणून इथंच सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी मीही पुण्याजवळच्या एका धरणाकाठी असाच टेंटमध्ये राहून आलो. जाहिरातीत "निसर्गाच्या कुशीत" लिहिलं होतं. गेल्यावर बघितलं तर टेंटला टेंट चिकटलेला, साठ-सत्तर माणसांना मिळून दोन संडास, रात्री दीड वाजेपर्यंत स्पीकर. सकाळी काठावर बाटल्या, डिस्पोजल प्लेटा आणि अर्धवट जळलेली लाकडं. तरी फोटो झकास आले. घरी युसूफ वडगावला आल्यावर मायला दाखवले. तिनं मोबाइल लांब धरून नीट बघितलं आणि विचारलं, "पैसे देऊन कोपीत झोपून आलास व्हय रं?"

मी हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या केज तालुक्यातून, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी सगळीकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जायचं आणि पाडव्याच्या आगंमागं परत यायचं. तिथं राहायला असते ती कोपी. बांबूच्या कांबी, वर ताडपत्री नाहीतर पाचट, आत एक पेटी, गोधड्या, बाहेर तीन दगडांची चूल. म्हणजे ज्याला शहरात कॅम्पिंग म्हणतात ते आमच्याकडची हजारो कुटुंबं वर्षातले पाच-सहा महिने करतात. फक्त त्याला सुट्टी म्हणत नाहीत.

हे मी कुणाला लाजवायला लिहीत नाही. फिरायला जाण्यात काही गैर नाही. लेकरांना चांदणं दिसावं, झाडाखाली झोपावं असं वाटणारा माणूस मला तरी आवडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मुक्कामाची जागा कशी निवडायची हे खरोखर ज्यांना कळतं, त्यांना आपण कधी विचारत नाही. आपण फोटो बघतो, रेटिंग बघतो आणि पैसे भरतो. मायला मी विचारलं, नव्या फडावर गेल्यावर कोपीची जागा कशी ठरवता? तिनं भाकरी थापता थापता जे सांगितलं ते कुठल्याच ॲपवर नाही.

पहिलं, पाणी. किती लांब आहे, कुणाचं आहे आणि आपण घेतलं तर कुणाचं कमी पडतं. दुसरं, उतार. ओढ्याच्या पात्रात, नाल्याच्या काठाला कधीच नाही, जागा कितीही सपाट आणि मऊ असली तरी. परतीचा पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली येतं, तुमच्या डोक्यावर ढगही नसतो. तिसरं, वर बघायचं. वाळलेल्या फांदीखाली नाही, माळावर एकट्याच उभ्या झाडाखाली नाही. वीज तिथंच पडते. चौथं, वारा. चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी आणि भोवतीचं गवत-पाचट हातभर तरी साफ करून घ्यायचं. पाचवं, दगडाचे ढीग आणि जुनी वारुळं लांब ठेवायची. रात्री चप्पल झटकल्याबिगर पायात घालायची नाही. आणि सहावं तिनं जरा थांबून सांगितलं: बायांना आडोसा आहे का?

यात मी माझी एक भर घालतो. थंडी वाजते म्हणून बंद टेंटमध्ये शेगडी किंवा निखारे घेऊन झोपू नका. त्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आता जंगलाचा विषय. "जंगलात" टेंट लावायचा या हट्टालाच माझा विरोध आहे, आणि तो का ते सांगतो.

बीड जिल्हा पर्जन्यछायेतला. आमच्याकडं जंगल आहेच किती? बालाघाटाच्या उतारावर सीताफळ, पळस, बोरी-बाभळी. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य, 1994 साली जाहीर झालेलं, जेमतेम 30 चौरस किलोमीटर. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य, ते तर 22-23 चौरस किलोमीटरच. ताडोबाच्या मानानं हे परसदार म्हणायचं. पण याच येडशीच्या परसदारात 2024 च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ येऊन राहिला. मराठवाड्यात वाघ! त्याला पकडायला पथकं आली, तो सापडेना. एवढ्या तुकड्यातुकड्याच्या झाडीतून तो इथवर पोचला, यावरून कळतं की हे तुकडे किती मोलाचे आहेत. त्या तुकड्याच्या मधोमध आपण दहा टेंट, जनरेटर आणि स्पीकर लावला तर जनावरानं जायचं कुठं?

ते जातं कुठं हेही आपण बघितलंय. 2020 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आष्टी-करमाळा भागात बिबट्यानं माणसं मारली. शेवटी डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत आष्टीकडची माणसं तूर-कापसाच्या रानात जायला भीत होती. त्याची किंमत पर्यटकानं मोजली नाही. रानात राबणाऱ्यांनी मोजली.

कायदाही स्पष्ट आहे. अभयारण्यात परवानगीबिगर शिरता येत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते लिहिलंय. राखीव जंगलात जाळ करणं 1927 च्या वन कायद्यापासून गुन्हा आहे. तरी "फॉरेस्ट कॅम्प, बोनफायर, डीजे नाइट" अशा जाहिराती बिनदिक्कत फिरतात. या तीन शब्दांपैकी दोन शब्द जिथं एकत्र दिसतील, तिथं पैसे भरू नका. एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ झालं.

मग जायचं कुठं? माझं उत्तर: जंगलात नाही, जंगलाच्या कडेला. गावशिवारात, एखाद्या शेतकऱ्याच्या रानात, विहिरीच्या अंगाला. दिवसा झाडीत फिरा, रात्री शिवारात झोपा. धारूरच्या घाटाकडं जा, किल्ला बघा. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीच्या दरीत सकाळी उतरा. पावसाळा चांगला झाला असंल तर सौताड्याचा धबधबा बघा. धनेगावचं मांजरा धरण तर आमच्याच तालुक्यात, हिवाळ्यात काठावर पाखरं बघत बसा. बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराई आहे. उजाड डोंगरावर झाडं लावली आणि 2020 च्या फेब्रुवारीत तिथं वृक्षसंमेलनही भरलं होतं. झाडं लावून जगवायला काय लागतं ते लेकरांना तिथं दाखवा.

आणि कधी यायचं हेही महत्त्वाचं. सप्टेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत या. माळ हिरवा असतो, ओढ्याला पाणी असतं, ऑक्टोबरात बालाघाटाची सीताफळं असतात, ज्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, एका ठिणगीनं डोंगर पेटतो. एप्रिल-मे तर नकोच. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, कारण लातूरची तहान भागवणारं हेच आमचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ज्या गावात बाई दोन घागरींसाठी टँकरची वाट बघते, तिथं पर्यटकाला शॉवर देणारा कॅम्प असंल तर ते पाणी आलं कुठून हे विचारायची जबाबदारी येणाऱ्यावर आहे.

इथं एक गाठ पडते, ती लपवत नाही. फिरायला यायचे जे चांगले महिने, त्याच महिन्यांत आमची गावं अर्धी रिकामी होतात. तुम्ही इकडं टेंट लावायला याल तेव्हा चुलीवरचं जेवण रांधणारे हात तिकडं फडावर मोळ्या बांधत असतील. कुणी म्हणेल, मग पर्यटन वाढवा, माणसं गावातच राहतील. इतकं सोपं नाही. उचलीचा आकडा मोठा असतो, शनिवार-रविवारच्या चार टेंटनं तो फिटत नाही. पर्यटनानं कोयता सुटेल असं सांगणारा माणूस एकतर भोळा आहे नाहीतर निवडणुकीला उभा आहे.

पण गावात मागं राहतात ते म्हातारे आई-बाप आणि शाळेसाठी ठेवलेली लेकरं. त्यांच्या हातात महिन्याला चार पैसे आले तर घरात तेल-मीठ येतं. पुढच्या साली एखाद्या घरातली सून म्हणू शकते, औंदा मी थांबते. एवढं झालं तरी माझ्या दृष्टीनं ते मोठं आहे. म्हणून कॅम्प निवडताना "पैसे कुणाच्या हातात जातात" हा प्रश्न विचारा. जागा बाहेरच्या माणसानं भाड्यानं घेतलेली, स्वयंपाकी बाहेरचा, किराणा शहरातून आणलेला आणि गावातला माणूस फक्त राखणीला, असं असंल तर त्या कॅम्पाचा गावाला उपयोग धुराइतकाच.

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. 2020 पासून राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे, शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करता येते. पण आमच्या पट्ट्यात ते किती जणांना माहीत आहे? कासचं उदाहरण घ्या. 2012 साली जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर तिथं गर्दी उसळली. तेव्हा वनखातं आणि आसपासच्या गावांच्या वन समित्यांनी मिळून प्रवेश शुल्क, ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाला 3000 माणसांची मर्यादा असं गणित बसवलं. तिथंही कटकटी आहेत, पण निदान गेटवर गावातली पोरं उभी आहेत. बालाघाटाला एवढी गर्दी नाही. म्हणूनच नियम आत्ता करायला पाहिजेत, गर्दी झाल्यावर नाही. ग्रामपंचायतीनं ठराव घ्यावा: टेंट फक्त शिवारात, एका ठिकाणी दहाच्या वर नाहीत, रात्री दहानंतर आवाज नाही, कचरा ज्याचा त्यानं परत न्यायचा, आणि संडास बांधल्याबिगर परवानगी नाही.

शेवटच्या अटीवर मी अडून बसणार आहे. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या सगळ्या चर्चेत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट समोर आली: फडावर संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांतही खाडा केला तर दंड. पर्यटकासाठी आपण पंधरा दिवसांत रंगीत संडास उभा करू शकतो, तर कारखान्याच्या तळावर कोप्यांशेजारी का नाही? हा प्रश्न मला टेंटच्या निमित्तानं विचारायचा होता, तो विचारून घेतला.

तर मित्रा, तुझ्या फोनचं उत्तर. धारूरच्या बाजूला माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं रान आहे. पोरगा-सून फडावर जातात, नातवंडं यांच्यापाशी असतात. विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी राहतं. दोन टेंट बसतील, तिसरा नको. भाकरी, ठेचा, पिठलं मिळंल, डीजे मिळणार नाही. पैसे आजीच्या हातात द्यायचे, घासाघीस करायची नाही. मी मायला विचारलं, बोलवू का यांना?

ती म्हणाली, "बोलव की. पण आधी तिथं संडास बांधून घे. पाहुण्यांची लेकरं येतील, बाया येतील. आमचं काय, आम्ही अंधारात उठायचो."

संडासाचं काम पुढच्या आठवड्यात सुरू करतोय. तू दिवाळीनंतर ये.