शिक्का कुणाचा आणि शिक्षण कुणाचे?

बारावीची परीक्षा तोंडावर आली, की शहरातील मध्यमवर्गीय घरांतून एक विशिष्ट प्रकारची कुजबूज सुरू होते. ज्या मुलाने अभियांत्रिकीचा वा वैद्यकाचा रस्ता धरला आहे, त्याच्या घरी कुजबूज नसते. तेथे शिकवणी वर्गांचे वेळापत्रक दोन वर्षांपूर्वीच भिंतीवर लागलेले असते. कुजबूज असते ती गणितात किंवा पदार्थविज्ञानात ज्याचे मन रमले आहे, अशा मुलाच्या अथवा मुलीच्या घरी. ‘बीएस्सी करून पुढे काय?’ हा प्रश्न आधी मामा विचारतात, मग शेजारी विचारतात आणि शेवटी तो बापाच्याही तोंडी येतो. ह्या गदारोळात दुसरा, अधिक निकडीचा प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो. बीएस्सी करावयाची, तर ती कोठे? अभियांत्रिकीच्या बाबतीत जे पालक प्रत्येक महाविद्यालयाची गुणवत्ता यादी तोंडपाठ म्हणून दाखवतील, तेच शुद्ध विज्ञानाच्या बाबतीत घराजवळचे कॉलेज आणि लोकलचा थेट प्रवास एवढ्यावर मुलाच्या आयुष्याची तीन-चार वर्षे निकालात काढतात. मुलाने विज्ञानाची वाट धरली म्हणजे तो दुसरीकडून नाकारला गेला असला पाहिजे, हा समज त्याच्या मुळाशी आहे. आमच्या मते ह्या समजाइतका खोटा आणि नुकसानकारक समज आजच्या सुशिक्षित वर्गात दुसरा नसेल.

प्रश्न कोठल्या विद्यापीठाचा, असा विचारला जातो. परंतु आपल्याकडे ‘विद्यापीठ’ ह्या शब्दाने नेमके कशाचे नाव घेतले जाते, हे आधी पाहिले पाहिजे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्यांचे काम शिकविणे हे नव्हते. शिकवावे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी आणि पदवीवर शिक्का मारावा. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना शिकविण्याचाही अधिकार मिळाला, पुढे पदव्युत्तर विभाग उभे राहिले. परंतु पदवीपूर्व वर्गाचा सांगाडा फारसा बदलला नाही. मुंबई विद्यापीठाचा वा पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा बीएस्सीचा विद्यार्थी विद्यापीठात शिकत नाही. तो त्याच्याशी संलग्न अशा एखाद्या महाविद्यालयात शिकतो. एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते आणि असतेही. तेव्हा ‘मुंबई चांगले की पुणे चांगले?’ ह्या वादात शिरण्याचे कारण नाही. शिक्का एकाचा आणि शिक्षण दुसऱ्याचे, ही ज्या व्यवस्थेची रीत, तेथे शिक्क्याकडे पाहून निवड करणारा फसला, तर त्यात नवल ते काय?

शिक्क्याचे मोल किती, ह्याचे एक बोलके उदाहरण आपल्याच देशात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षे घालविलेले विख्यात गणिती सी. एस. शेषाद्री यांनी १९८९ साली मद्रासला गणिताची एक छोटी संस्था सुरू केली. तीच आजची चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. ज्यांनी जन्मभर गणितात नवे काही शोधले, त्यांनीच बारावी झालेल्या मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावे, ही त्यांची कल्पना. १९९८ साली तेथे पदवीचा वर्ग सुरू झाला. पण संस्थेला पदवी देण्याचा अधिकार कोठे होता? मग ह्या मुलांच्या पदव्यांवर शिक्का बसला तो भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाचा! पुढे २००६ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळेपर्यंत हीच व्यवस्था चालली. दादर-पुण्याच्या किती घरांनी तेव्हा ‘मुक्त विद्यापीठाची बीएस्सी’ हे शब्द ऐकून मुलाला तेथे पाठविले असते? आणि तरीही त्या पदव्या घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी परदेशांतील अग्रगण्य विद्यापीठांनी आपली दारे उघडली. कारण प्रवेश देणाऱ्यांनी पदवीच्या कागदाकडे पाहिले नाही. विद्यार्थी काय शिकला आहे आणि कोणापाशी शिकला आहे, हे पाहिले.

शेषाद्रींना ही दृष्टी कोठून लाभली असेल, ह्याचा विचार केला, तर धागा आणखी मागे जातो. ते स्वतः मद्रासच्या लोयोला महाविद्यालयाचे विद्यार्थी. तेथे १९३७ साली फ्रान्समधून भारतात आलेले फादर रासिन हे जेझुइट धर्मगुरू गणित शिकवीत. पॅरिसमध्ये एली कार्तां व आदामार यांच्यासारख्या थोरांच्या सहवासात तयार झालेला हा माणूस विद्यापीठाच्या परीक्षेपुरते शिकवून थांबणारा नव्हता. शेषाद्री आणि एम. एस. नरसिंहन हे दोघेही त्यांचेच विद्यार्थी. दोघेही १९५३ साली मुंबईस संशोधनासाठी आले आणि १९६५ साली त्यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त जगापुढे आला. लोयोला हे संलग्न महाविद्यालयच होते. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची. परंतु फळ्यापुढे उभा राहणारा माणूस वेगळा होता. आपल्याकडेही हे अपरिचित नाही. १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनला परत आले व वर्ग घेऊ लागले. पुढे त्याच महाविद्यालयात दामोदर धर्मानंद कोसंबी सुमारे बारा वर्षे गणित शिकवीत होते.

मग ही परंपरा खंडित का झाली? स्वातंत्र्याच्या आगेमागे देशाने संशोधनासाठी स्वतंत्र घरे बांधली. १९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी टाटा संस्था उभारली, १९५० साली पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली. ह्या संस्थांनी देशाचे नाव केले, हे नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु त्यांची किंमत महाविद्यालयांनी मोजली, हेही तितकेच खरे. ज्याच्यापाशी शोधाची जिद्द होती, तो वर्ग सोडून संस्थेत गेला. कोसंबीही फर्ग्युसन सोडून टाटा संस्थेत गेले. कुलाब्याच्या टोकाला जागतिक दर्जाचे गणित चालत असताना, त्याच शहरातील बीएस्सीचा विद्यार्थी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवीत बसला, हे चित्र आपण अनेक दशके पाहिले. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ उभारताना ती विद्यापीठाच्याच आवारात आणली, ह्यामागचे मर्म ह्या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

ही चूक सुधारण्याचा प्रयत्न ह्या शतकात झाला, आणि येथेच आजच्या विद्यार्थ्याचे भाग्य त्याच्या वडिलांपेक्षा वेगळे आहे. २००६ साली पुणे व कोलकाता येथे ‘आयसर’ ह्या संस्था निघाल्या; आज देशात अशा सात आहेत. २००७ साली मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी मिळून कालिन्याच्या आवारात मूलभूत विज्ञानाचे केंद्र काढले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनेही आपल्या स्थापनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २०११ साली, बारावीनंतरच्या मुलांसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संख्याशास्त्राचे वर्ग कोलकात्यास तर त्याहून कितीतरी जुने आहेत, आणि गणिताची तिची पदवी बंगळूरला घेता येते. ह्या सर्व ठिकाणी शिकविणारा आणि शोध घेणारा माणूस एकच असतो.

पण ह्यांतून निवड कशी करावी? सर्वांना एकच उत्तर लागू पडणार नाही. ज्याला गणित आणि केवळ गणितच करावयाचे आहे, हे ज्याचे त्याला पक्के कळले आहे, त्याने लहान संस्थेला भिऊ नये. गणिताला फळा लागतो, ग्रंथालय लागते, आणि रात्री बारा वाजता प्रमेयावरून भांडणारे चार सोबती लागतात. भव्य इमारती लागत नाहीत. प्रायोगिक भौतिकी किंवा रसायन करू इच्छिणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने प्रयोगशाळा पाहिल्यावाचून प्रवेश घेऊ नये, आणि पाहताना उपकरणे किती आहेत ह्यापेक्षा ती विद्यार्थ्याच्या हाती दिली जातात की कपाटात कुलूपबंद असतात, हे पाहावे. आणि ज्याला भौतिकी आवडते, पण जीवशास्त्रही खुणावते, त्याला आयसरसारखे ठिकाण सोयीचे. तेथे आरंभी सर्व शास्त्रांची ओळख करून दिली जाते आणि निवडीला अवधी मिळतो. सतराव्या वर्षी आपले मन पुरते ओळखणारी मुले थोडीच असतात.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र पालकांच्या कानी घातलीच पाहिजे. ह्या संस्थांचे अर्ज साधारणतः मार्च-एप्रिलच्या सुमारास भरावे लागतात आणि त्यांच्या प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असतात. बोर्डाचा निकाल लागल्यावर ‘आता पाहू’ म्हणून जे उठतात, त्यांना दारे बंद झालेली आढळतात. दरवर्षी कितीतरी बुद्धिमान मुले केवळ ह्या अज्ञानापायी मुकतात, आणि त्यांत जिल्ह्याच्या गावांतील मराठी शाळांची मुले अधिक, हे विशेष दुःखाचे.

खर्चाचा बाऊही वाजवीपेक्षा जास्त केला जातो. स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेण्याऐवजी त्यालाच विद्यावेतन देण्याची परंपरा आहे. २००८ साली केंद्राने सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ योजनेत मूलभूत विज्ञानाच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ८० हजार रुपयांची शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. अभियांत्रिकीच्या खासगी महाविद्यालयात दरसाल लाख-दीड लाख भरण्यास जो बाप तयार होतो, त्याने विज्ञानाच्या वसतिगृहाचा खर्च ऐकून कपाळाला हात लावावा, ह्यात पैशाचा प्रश्न कितीसा असतो? मुलगी असली, म्हणजे तर आणखी एक अडचण पुढे येते. ‘इतक्या लांब, एकटी?’ त्याच घराने धाकट्याला शिकवणीसाठी दोन वर्षे कोट्याला पाठविलेले असते! मुलीच्या बुद्धीला अंतराची मर्यादा घालणाऱ्या ह्या सावधगिरीला आम्ही काळजी म्हणू शकत नाही.

तथापि सर्वांनाच बाहेर जाता येणार नाही, हे उघड आहे. ह्या संस्थांतील जागा मूठभर, आणि विज्ञान शिकू इच्छिणारी मुले हजारो. शहरातच राहणाऱ्याने महाविद्यालयाच्या कचेरीत जाऊन दोन-तीन गोष्टी निःसंकोचपणे विचाराव्यात. आपल्या विषयाचा तिसऱ्या वर्षाचा वर्ग येथे खरोखर चालतो का? कारण पहिल्या वर्षी गणित आणि शेवटच्या वर्षी पुरेशी मुले नाहीत म्हणून विषय बंद, असे काही ठिकाणी घडते. विभागात कायम नेमणुकीचे प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? गेल्या दोन-तीन वर्षांतील विद्यार्थी पुढे कोठे शिकावयास गेले? ही विचारपूस उद्धटपणाची नाही. भाजी घेताना जी चोखंदळ वृत्ती आपण दाखवितो, तिचा येथे संकोच का वाटावा?

शिवाय वर्गाबाहेर ज्या सोयी आहेत, त्या धुंडाळाव्यात. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेली गणिताची उन्हाळी शिबिरे बीएस्सीच्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या चाकोरीतून बाहेर काढून विचार करावयास लावतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम चालतात. अशा एका उन्हाळ्याने साध्या महाविद्यालयातील मुलाचे सारे वळण बदलू शकते.

येथवर आम्ही पालकांना सांगितले. परंतु सारा भार पालकांच्या शहाणपणावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. ज्या विद्यापीठांचे मुख्य काम परीक्षा घेणे, ते कामही २०१७ साली मुंबईत कसे कोलमडले, निकाल महिनोन्‌महिने कसे रखडले आणि कुलगुरूंना कसे जावे लागले, हे लोक विसरलेले नाहीत. त्यानंतर नवे शैक्षणिक धोरण आले. २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही चार वर्षांच्या पदवीची रचना लागू झाली. पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्याने चौथ्या वर्षी संशोधन करावे, अशी त्यात योजना आहे. योजना उत्तम, पण हे संशोधन करवून घेणार कोण? महाविद्यालयांतील मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवावयाच्या, तासाच्या हिशेबाने मोबदला घेणाऱ्या आणि सत्र संपताच घरी बसणाऱ्या तरुण अध्यापकांवर विभाग चालवावयाचे आणि त्यांच्याकडूनच संशोधनाचे मार्गदर्शन अपेक्षावयाचे, ह्याला ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ह्याहून दुसरे काय म्हणावे? त्या अध्यापकांचा ह्यात दोष नाही. त्यांतील कित्येक पीएचडी झालेले आहेत आणि स्थैर्य मिळाले, तर उद्या एखादा रासिन त्यांच्यातूनच निघू शकेल.

२०२४-२५ साली संलग्न महाविद्यालयांत दाखल झालेल्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ हे आहे. निदान गणित, भौतिकी व रसायन ह्या विभागांतील रिकाम्या जागा त्यापूर्वी कायम नेमणुकीने भराव्यात, आणि कोणत्या महाविद्यालयात किती जागा भरल्या व किती रिकाम्या आहेत, ह्याची यादी दरवर्षी प्रवेशाच्या आधी, मार्च महिन्यातच, उच्च शिक्षण विभागाने प्रसिद्ध करावी, अशी आमची मागणी आहे.