पृथ्वी कुणी तापवली? यंत्राने की तृष्णेने?

हवामान बदलाचा विषय निघाला की आपल्या चळवळीतले अनेक कार्यकर्ते मान फिरवतात. "हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. आमच्यासमोर शिष्यवृत्ती, नोकरी, अत्याचार, संविधान असे प्रश्न असताना झाडे आणि वाघ घेऊन काय करायचे?" असा सवाल केला जातो. या सवालामागचा राग आम्ही समजू शकतो. या देशात पर्यावरणाची भाषा बहुतेक वेळा त्यांच्याच तोंडून ऐकू आली, ज्यांना नदीकाठची झोपडपट्टी तेवढी घाण वाटते आणि त्याच नदीच्या पात्रात उभा राहिलेला टॉवर मात्र विकास वाटतो. पण विषय ज्यांनी बळकावला त्यांच्यावरचा राग विषयावर काढून चालणार नाही. चवदार तळे सवर्णांनी बळकावले होते म्हणून बाबासाहेबांनी पाण्याचा विषय सोडून दिला नाही. २० मार्च १९२७ रोजी ते महाडला हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाण्यावर हक्क सांगितला. आज तापणाऱ्या पृथ्वीवर तसाच हक्क सांगण्याची वेळ आली आहे.

जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले आहे की औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत दीड अंशापेक्षा जास्त तापलेले पहिले वर्ष म्हणजे २०२४. ज्या मर्यादेच्या आत राहण्याचा प्रयत्न करू असे २०१५ मध्ये पॅरिसला सगळ्या जगाने ठरवले, ती मर्यादा एका वर्षापुरती का होईना, नऊ वर्षांतच ओलांडली गेली. ही तापवणूक कुणी केली? ऑक्सफॅमच्या अभ्यासानुसार जगातले सर्वात श्रीमंत १० टक्के लोक जवळपास निम्म्या कार्बन उत्सर्जनाला जबाबदार आहेत. एक अमेरिकन माणूस सरासरी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, तर एक भारतीय सुमारे २ टन. आपले सत्ताधारी हा आकडा परदेशात छाती पुढे काढून सांगतात. पण या २ टनांच्या सरासरीत कोण कोण लपले आहे? त्यात समुद्राकडे तोंड केलेल्या वातानुकूलित इमल्यात राहणारा उद्योगपती आहे आणि वीटभट्टीवर मे महिन्यात विटा थापणारी मायमाऊलीही आहे. तिच्या गरिबीचा आकडा दाखवून याच्या चैनीला सवलत मागितली जाते. यालाच आम्ही सरासरीची मनुस्मृती म्हणतो.

आपत्तीलाही जात कळते

"निसर्गाचा कोप सगळ्यांवर सारखाच होतो," हे वाक्य आपण शाळेत ऐकले. ते खोटे आहे. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, पण सगळ्यांची घरे सारख्या उंचीवर नसतात. गावाने आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले, सखल भागात, नाल्याच्या कडेला. शहराने तीच पद्धत उचलली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. मुंबईच्या नाल्याकाठी आणि डोंगरउतारावर तेव्हा कोण राहत होते आणि आज कोण राहते, हे सांगायला संशोधक लागत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना मदत छावण्यांत आणि पाण्याच्या टाकीवर भेदभाव सोसावा लागला, याच्या नोंदी मानवाधिकार संघटनांनी करून ठेवल्या आहेत. समुद्राने जात विचारली नाही. ती विचारली छावणीतल्या माणसांनी.

दुष्काळाचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणवठ्यांवर जमावबंदी लागू झाली. त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता आणि साखर कारखाने चालू होते. लागवडीखालील जमिनीचा छोटा हिस्सा व्यापणारे हे पीक राज्यातल्या सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा पिते. तो ऊस तोडायला बीडमधून कोयता घेऊन कोण जाते? ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा असलेली कोरडी आहे, ते. त्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. आता त्याच उसापासून इथेनॉल बनते, ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि त्याला 'हरित इंधन' म्हणतात. गाडीच्या धुरात थोडा कार्बन कमी झाला असेल. पण मराठवाड्याचे पाणी आणि कोयत्याखाली वाकलेली पाठ या हिशेबात कुठे धरली आहे?

'खेड्याकडे चला' म्हणणाऱ्यांना उत्तर

यावर काही सज्जन उपाय सुचवतात: यंत्रे नकोत, शहरे नकोत, पूर्वजांसारखे निसर्गाच्या जवळ राहा. ऐकायला गोड आहे. पण कुणाचे पूर्वज? आमचे पूर्वज निसर्गाच्या इतके जवळ होते की मेलेली जनावरे तेच ओढत आणि डोक्यावरून मैलाही तेच वाहत. 'स्वयंपूर्ण खेडे' आमच्या फुकट श्रमावर स्वयंपूर्ण होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या या उदात्तीकरणाचा बुरखा फाडला. त्याआधी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराची चिरफाड केली. यंत्रामुळे जे अनिष्ट घडते त्याचा दोष यंत्राकडे जात नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेकडे जातो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. यंत्रानेच माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. ज्याला दिवसभर जनावरासारखे राबावे लागते त्याच्यापर्यंत पुस्तक पोहोचत नाही.

आणि बाबासाहेब नुसते बोलले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोरे योजनेची पायाभरणी त्यांच्या खात्यात झाली. केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग १९४५ मध्ये त्याच काळात उभा राहिला. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत ओरिसाच्या पुरांविषयी बोलताना त्यांनी सांगितले की जास्तीच्या पाण्याला शत्रू समजणे हीच चूक आहे. पाणी ही संपत्ती आहे, ते अडवा, साठवा, त्यातून शेती, वीज आणि वाहतूक तिन्ही साधा. म्हणून यंत्राला शिव्या देणारे पर्यावरण आम्हाला मान्य नाही. ते आम्हाला परत हातात झाडू द्यायला निघाले आहे.

मग तंत्रज्ञान आपल्याला वाचवेल काय?

दुसऱ्या टोकाला तंत्रज्ञानाचे भक्त बसले आहेत. त्यांच्या मते सौर पॅनेल, विजेवरची गाडी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आली की सगळे प्रश्न मिटले. त्यांना आमचा साधा प्रश्न आहे: यंत्र कुणासाठी आधी येते आणि कुणासाठी कधीच येत नाही?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. आम्हालाही त्याचा अभिमान वाटला. पण त्याच देशात माणूस दोरीने गटारात उतरतो आणि वायूने गुदमरून मरतो. २०१३ मध्ये कायदा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख भरपाई ठरवली. गटार साफ करणारा रोबो केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी केव्हाच बनवला आहे. तंत्रज्ञान आहे, कायदा आहे, तरी माणूस उतरतो. का? केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत नोंदवलेल्या गटार-सेप्टिक टँक कामगारांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आहेत, त्यातले सुमारे ६९ टक्के एकट्या अनुसूचित जातींचे. ज्याचा जीव स्वस्त आहे त्याच्यासाठी यंत्र महाग ठरते.

नागपूर महापालिकेने मात्र सफाई कामगारांपर्यंत एक तंत्रज्ञान फार लवकर पोहोचवले. त्यांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कुठे उभा आहे, किती वेळ थांबला, हे साहेबाला पडद्यावर दिसते. ही आहे तंत्रज्ञानाची जात! माणसाला घाणीतून वर काढणारे यंत्र येत नाही, त्याच्यावर पाळत ठेवणारे लगेच येते.

वीज कुठून येते तेही पाहू. देशाची सुमारे ७० टक्के वीज आजही कोळशातून निघते. दीक्षाभूमीच्या नागपूरला लागून कोराडी आहे, चंद्रपूरला २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र आहे. २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत गेली. कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटर रात्रंदिवस वीज आणि पाणी घेतात. फोनच्या पडद्यावर उत्तर एका क्षणात येते. त्याची राख विदर्भाच्या छातीत साचते.

गायरानावरचा सूर्य

"म्हणूनच सौरऊर्जा हवी," असे कोणी म्हणेल. हवीच. पण ती कुणाच्या जमिनीवर?

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. माणसे बायकामुलांसह तुरुंगात गेली. त्या लढ्याच्या बळावर हजारो दलित-आदिवासी कुटुंबांनी गायरान नांगरले, खडकातून ज्वारी काढली. यातल्या अनेकांच्या नावावर आजही सातबारा नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अतिक्रमण हटवण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच सुमारास शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी शोधल्या जाऊ लागल्या, आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान. ज्याच्याकडे पंप आहे त्याला दिवसा वीज मिळेल, ज्याच्याकडे फक्त कब्जा आहे त्याची भाकरी जाईल. सूर्य सगळ्यांचा असतो, पण पॅनेल ज्या जमिनीवर बसते ती कुणाकडून तरी काढून घेतलेली असते. न दिलेले घेऊ नये, हे पंचशीलातले दुसरे शील. ते हरित प्रकल्पालाही लागू आहे.

धम्म कुठे बोट ठेवतो?

अग्गञ्ञ सुत्तात तथागत एक गोष्ट सांगतात. तांदूळ आपोआप उगवत होता. लोक सकाळी सकाळपुरता, संध्याकाळी संध्याकाळपुरता आणत. मग एकाने आळसाने दोन्ही वेळचा एकदम आणला. दुसऱ्याने दोन दिवसांचा आणला, तिसऱ्याने चार, चौथ्याने आठ. साठेबाजी सुरू झाली तसा दाण्यावर कोंडा चढला, कापलेले पीक पुन्हा उगवेना. मग जमिनीच्या हद्दी पडल्या, मग चोरी, मग दंड. आणि हे तथागत कुणाला सांगतात? जन्माने ब्राह्मण श्रेष्ठ असतात या दाव्याचा निकाल लावताना, वासेट्ठ आणि भारद्वाजाला. जातीचा अहंकार आणि निसर्गाची लूट यांचा फैसला एकाच सुत्तात होतो, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिल्याचे नाही. ते आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद. युद्धाने वाद मिटत नाही, दोन्ही बाजूंचे दोन-दोन आणि त्यांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांकडे निर्णय द्या, हे सिद्धार्थाने संघापुढे सांगितले. बहुमताने ते फेटाळले. आमच्या धम्माची सुरुवातच पाण्याच्या न्याय्य वाटपाच्या प्रश्नावर झाली आहे!

त्याच ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी नाकारला. त्यामुळे पूर, दुष्काळ, उष्माघात यांना 'नशीब' किंवा 'देवाचा कोप' म्हणणे बौद्धाला शोभत नाही. कारण असेल तर परिणाम होतो, कारण काढले तर परिणाम थांबतो, हा प्रतीत्यसमुत्पाद आहे. हवामानशास्त्र वेगळे काय सांगते? आणि तृष्णा म्हणजे गरिबाला पंखा हवा असणे नव्हे. सत्तेचाळीस अंशांत पत्र्याखाली झोपणाऱ्या बाळाला पंखा हवा, ही गरज आहे. गरज आणि तृष्णा यांच्यातला फरक ओळखणे हाच मध्यम मार्ग. परदेशी हरित बौद्धवाले डोळे मिटून पृथ्वीशी एकरूप व्हायला सांगतात. ध्यान जरूर करावे, पण कारखान्याच्या मालकाची तृष्णा कामगाराच्या ध्यानाने कमी होत नाही. तिच्यासाठी कायदा लागतो. म्हणूनच १९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' मध्ये बाबासाहेबांनी शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करा, अशी मागणी केली.

आता काय करायचे?

एक: गायरान कसणाऱ्यांचे कब्जे आधी नियमित करा, मगच पॅनेल. आणि प्रकल्प होत असेल तर भूमिहीनांच्या सहकारी संस्थेला त्यात मालकीचा वाटा द्या. ही मागणी प्रत्येक ग्रामसभेत ठरावाने मांडली पाहिजे.

दोन: प्रत्येक नगरपालिकेत गटार साफ करणारे यंत्र आहे का, याचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. नसेल तर माणूस उतरवणाऱ्यावर गुन्हा दाखल करायला लावा.

तीन: उष्माघात, पूर, दुष्काळ यांतल्या मृत्यूंची आणि मदतवाटपाची जातनिहाय आकडेवारी शासनाने जाहीर करावी. दाखवला नाही तर अन्याय दिसत नाही.

चार: आपल्या विहारांकडे पाहा. कान्हेरीच्या भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वी कातळ कोरून पावसाचे पाणी साठवणाऱ्या पोढी बांधल्या. लेण्यांतल्या शिलालेखांत पोढीच्या दानाची नोंद आहे. आणि आज आपल्या विहाराच्या छतावरचे पाणी नालीत जाते. वस्तीतला प्रत्येक विहार उन्हाळ्यात सावली आणि पाण्याचे ठिकाण झाला पाहिजे, तिथे पावसाचे पाणी साठले पाहिजे. अभियंते झालेल्या आपल्या पोरांचे हे पहिले धम्मदान ठरावे.

पाच: हवामानशास्त्र, जलव्यवस्थापन, ऊर्जा, संगणक या विषयांत आपल्या मुलामुलींनी शिरले पाहिजे. जिथे उद्याचे निर्णय होणार त्या खोलीत आपले कोणी नसेल, तर निर्णय आपल्या वस्तीवरूनच जाईल.

सम्राट अशोकाने रस्त्याकडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती रुजवल्या, आणि विनाकारण जंगल जाळू नका असे स्तंभावर कोरून ठेवले. ते त्याने राज्याचे कर्तव्य म्हणून केले, कुणावर उपकार म्हणून नाही. त्याच अशोकाचे चक्र आज आपल्या राष्ट्रध्वजावर आहे. ध्वज फडकवणाऱ्या सरकारला त्या कर्तव्याचा जाब आपणच विचारला पाहिजे. महाडला आपण पाण्याचा हक्क मागितला होता. आता पाणी, सावली, जमीन आणि श्वास, चारही मागायचे आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!